घरी गिटार नीट वाजते, मांडवात बसलं की हात थरथरतात. काय करू?

तुम्ही लिहिलंय त्यावरून असं दिसतं: दीड वर्ष शिकताय, घरी दोन गाणी व्यवस्थित होतात, पण चार माणसं समोर बसली की उजवा हात थरथरतो, एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र छेडायचे सूर) दबत नाही आणि मधेच पुढचं आठवेनासं होतं. तीन आठवड्यांनी सोसायटीच्या गणपतीत वाजवायचंय.

भीती घालवायच्या मागे लागू नका. तीन आठवड्यांत ती जात नाही, आणि ती असतानाही वाजवता येतं. थरथर होते ती ॲड्रेनलिनमुळे. ठोके वाढतात, बोटांकडे जाणारं रक्त कमी होतं म्हणून बोटं गार पडतात, तळव्यांना घाम सुटतो. ‘घाबरू नकोस’ असं स्वतःला बजावून यातलं काही थांबत नाही. तेव्हा सरावच असा करायचा, की थरथरत्या हातांनीही गाणं निघेल. घरी सोफ्यावर निवांत बसून पाचव्या खेपेला नीट आलेलं गाणं मी हिशेबात धरत नाही. मांडवात पहिली खेप हीच शेवटची असते.

म्हणून रोज एकदा हे करा. जिन्याचे तीन मजले भराभर चढून-उतरून या (हृदयाचा किंवा गुडघ्यांचा त्रास नसेल तर), धाप लागलेली असतानाच गिटार घ्या, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवा. चुकलं तरी थांबायचं नाही, मागे जायचं नाही. दिवसाला अशी एकच खेप. तीन-चार दिवसांची रेकॉर्डिंग एकामागून एक ऐका. रोज त्याच जागी अडत असाल तर तो भीतीचा दोष नाही, ती जागाच कच्ची आहे, तिथे संथ लयीत घासायला हवं. रोज वेगळ्या जागी अडत असाल तर ती भीती, आणि तिला या रोजच्या खेपेचाच उपाय. दुसऱ्या आठवड्यापासून समोर माणसं बसवा. आधी घरचं एक माणूस, मग तीन-चार शेजारी, मग टीव्ही चालू आणि पोरांचा दंगा असताना.

आता एफबद्दल. घाबरलेला माणूस गरजेपेक्षा जास्त दाबतो, दोन मिनिटांत अंगठ्यामागचा स्नायू आणि कोपराखालचा हात भरून येतो, आणि मग तारा नुसत्या खुळखुळतात. पूर्ण बारच्या एफमध्ये (बार म्हणजे पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं) पहिल्या बोटाला खरं काम फक्त सहाव्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर असतं. मधल्या तीन तारा बाकीची बोटं दाबतात, त्यामुळे सगळं बोट सारख्या जोराने रेटायची गरजच नाही. ते किंचित कडेवर कलतं ठेवा, फ्रेटच्या (दांडीवरच्या आडव्या) पट्टीला चिकटून. रोज दहा वेळा हा प्रयोग करा: कॉर्ड धरा, छेडत राहा, दाब हळूहळू सोडत जा, तार खरखरायला लागली की केसभर दाब वाढवा. तेवढाच दाब लागतो. बहुतेकजण त्याच्या दुप्पट-तिप्पट देतात.

आणि एवढं करूनही गणपतीच्या आठ दिवस आधीपर्यंत एफ भरवशाची झाली नसेल तर हट्ट सोडा. चार तारांची छोटी एफ घ्या. नाहीतर कॅपो (दांडीवर सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पाचव्या फ्रेटवर लावा आणि सी पट्टीतलं गाणं जीच्या आकारांत वाजवा: सीच्या जागी जी, एफच्या जागी सी, जीच्या जागी डी, ए मायनरच्या जागी ई मायनर. ऐकणाऱ्याला गाणं त्याच पट्टीत ऐकू येतं, तुमच्या हाताला बार लागत नाही. याला फसवणूक म्हणणारे शिक्षक आहेत. मला ते पटत नाही.

उजव्या हाताचंही दुखणं तेच, घट्ट पकड. प्लेक्ट्रम (तारा छेडायची चकती) आवळलं की मनगट ताठ होतं आणि थरथर तारेवर ऐकू येते. स्ट्रमिंगसाठी (सगळ्या तारांवरून हात फिरवायला) ०.६० ते ०.७३ मिलिमीटरचं पातळ प्लेक्ट्रम चुका जास्त पोटात घालतं. खरखरीत पृष्ठभागाचं घ्या, खिशात कोरडा रुमाल आणि आणखी दोन प्लेक्ट्रमं ठेवा. पण जे वापरायचं ते आजपासूनच वापरा, त्या दिवशी नवं नको.

लय हमखास पळते. सुरुवात जोशात होते आणि सगळ्यात अवघड जागेपाशी हात मागे राहतो. यावर उपाय असा, की सुरू करण्याआधी मनात मुखडा म्हणायचा नाही, गाण्यातली सगळ्यात गर्दीची ओळ म्हणायची, लय तिच्यावरून ठरवायची आणि पायाने चार मात्रा मोजून मगच हात टाकायचा. मूळ लय मिनिटाला ९० मात्रा असेल तर मेट्रोनोमवर (लयीची टिकटिक देणारं यंत्र) ८० आणि १०० लाही गाणं बसवून ठेवा.

विसरायचं कारण असं, की बोटांची आठवण साखळीसारखी असते, एक कडी निसटली की पुढचं सगळं जातं. गाण्याचे सहा-सात तुकडे पाडा (सुरावट, मुखडा, पहिला अंतरा वगैरे), त्यांच्या चिठ्ठ्या करा, कुठलीही उचला आणि तिथून सुरू करा. भांडी घासताना कॉर्डची नावं क्रमाने मोठ्याने म्हणा. समोर कागद ठेवायला लाज वाटू देऊ नका, फक्त एकच पान, मोठी अक्षरं आणि चिमटा. मांडवातले उभे पंखे कागद पाहता पाहता उडवतात.

तरीही चूक होईलच. तेव्हा उजवा हात थांबवायचा नाही. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती सैल ठेवा, चिक-चिक आवाज येत राहील, ताल चालू राहील, आणि पुढच्या समेवर कॉर्ड पकडा. याचाही सराव करा: घरच्या कुणाला तरी मधेच टाळी वाजवायला सांगा, टाळी पडली की चार मात्रा तारा मुक्या, मग परत आत. आणि चेहरा वाकडा करू नका. ऐकणाऱ्यांना चूक बहुतेक वेळा चेहऱ्यावरूनच कळते.

काहीजण प्रोप्रानोलॉल नावाची गोळी सुचवतील. तिने ठोके आणि थरथर कमी होते, व्यावसायिक वादकही घेतात. पण ती डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्यायची, दमा असणाऱ्याला धोक्याची आहे. सोसायटीच्या गणपतीसाठी मित्राकडून मागून घेऊ नका.

तारा बदलायच्या तर चार-पाच दिवस आधी. त्याच सकाळी बदलल्या तर त्या ताणत राहतात आणि दर गाण्याला सूर उतरतो. भाद्रपदाची दमट हवा असते, घरी लावलेले सूर मांडवात टिकतील असं धरू नका. गिटारच्या शेंड्याला चिमटीने लावायचा ट्यूनर (सूर बरोबर लागलाय का ते दाखवणारा) घ्या. तो लाकडाच्या कंपनावर चालतो, बाहेर ताशा वाजत असला तरी चालतो. कॅपो लावल्यावर पुन्हा तपासा. पिकअपची (केबलने स्पीकरला जोडता येणारी) गिटार असेल तर ९ व्होल्टची नवी बॅटरी टाका आणि केबल आयत्या वेळीच जोडा, कारण बहुतेक गिटारींत केबल खुपसलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते.

खुर्ची बघून ठेवा. मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांना हात असतात, गिटार त्यांवर आपटते आणि उजवं कोपर अडतं. बिनहाताचं स्टूल आधीच मागून ठेवा, घरचा सरावही तशाच स्टुलावर करा. साउंडवाल्याला सांगा की एक स्पीकर माझ्याकडे वळव. स्वतःचं वाजवणं ऐकू आलं नाही की माणूस जोरात मारतो आणि पुन्हा पकड आवळते. तो स्पीकर माइकच्या तोंडासमोर मात्र नको, शिट्टी वाजेल.

दुपारनंतर चहा कमी. आरतीला टाळ्या जरा जोरात वाजवा, बोटं गरम होतात. वाजवायच्या दहा मिनिटं आधी चार आकडे मोजत श्वास आत, आठ मोजत बाहेर, असं दोन मिनिटं. अवघड जागा त्या वेळी पुन्हा पुन्हा तपासू नका. दोन गाण्यांतलं सोपं आधी घ्या.

शेवटची कॉर्ड पूर्ण विरू द्या, मग तारांवर तळवा ठेवा. केबल उपटण्याआधी साउंडवाल्याला आवाज बंद करायची खूण करा, नाहीतर टाळ्यांच्या आधी स्पीकरमधून ‘धप्प’ ऐकू येईल.