बाजार एक, तिजोऱ्या सत्तावीस?

प्रिय पोरी,

तुझा मसुदा वाचला. सत्तावीस देशांच्या युरोपीय संघात शेतीच्या अनुदानाचं सामायिक धोरण राहावं की ते ज्या त्या देशाच्या हाती जावं, या प्रश्नावर 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' असं लिहून तू थांबलीस. तथ्य असेल, पण तुझं मत कुठं आहे?

माझं तुला ठाऊक आहे. बाजार सामायिक असेल, तर अनुदानही सामायिक हवं. १९६२ मध्ये सामायिक कृषी धोरण सुरू झालं, तेव्हा एकच बाजार आणि एकत्र खर्च ही तत्त्वं जोडीनंच आली. जर्मन आणि रोमानियन दूध विनाजकात एकाच बाजारात येतं. उद्या जर्मनीनं आपल्या गोठ्यांना हवा तेवढा पैसा दिला, तर रोमानियाच्या शेतकऱ्यानं कुणाकडे बघायचं? अशी स्पर्धा शेतकऱ्यांची राहतच नाही, तिजोऱ्यांची होते.

लोण्याच्या डोंगरांचा दाखला मला देऊ नकोस. ऐंशीच्या दशकात हमीभावापायी साठे तुंबले आणि वरचा माल अनुदान देऊन बाहेरच्या देशांत स्वस्तात ओतला गेला, हे खरंच वाईट झालं. पण १९९२ मध्ये ते भाव उतरवायचं ठरलं, तेही सामायिक चौकटीतच. एकट्यादुकट्या कृषिमंत्र्याची घरच्या शेतकरी संघटनांपुढे तशी छाती झाली असती, असं मला वाटत नाही.

लॅट्वियाच्या शेतकऱ्याला हेक्टरी कमी मिळतं, हा तुझा आक्षेप मात्र बिनतोड आहे. तो मलाही छळतो. तरी त्यावर भांडता येतं, कारण हिशेब एकाच वहीत आहे. वह्या वेगळ्या झाल्या की भांडायचं कुणाशी?

स्थानिक जमीन स्थानिकांना कळते, मान्य. म्हणून तर २०२३ पासून प्रत्येक देश आपला आराखडा स्वतः करतो. कुठल्या बांधावर काय लावायचं, ते तिथंच ठरू दे. पैशाची मर्यादा मात्र एकत्रच ठरावी. बाजार सामायिक, तर अनुदान सामायिक. हे मी म्हणतच राहणार. माझ्या बरोबरीचे एकेक करून दुसरीकडे वळले, याचं दुःख आहे. मला हटवादी म्हणतात. म्हणोत. एप्रिल २०२३ मध्ये पोलंड आणि हंगेरीनं युक्रेनचं धान्य परस्पर अडवलं, तेव्हा सामायिक नियम किती लवकर वाकतो ते सगळ्यांनी पाहिलंच.

जुलै २०२५ चा युरोपीय आयोगाचा, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाचा, प्रस्ताव शेती आणि प्रादेशिक विकास यांचा निधी प्रत्येक देशाच्या एकाच आराखड्यात घालू पाहतो. त्यात शेतीसाठी राखीव किती आणि देशांच्या मर्जीवर किती, ते नीट वाच. मग शेवटचा परिच्छेद नव्यानं लिहून पाठव.