ब्रेक स्विच : आधी हवा पाहा, मग वीज

प्रश्न : आमच्या ट्रकला हवेचे ब्रेक आहेत. ब्रेक लाइट अजिबात लागत नाहीत आणि पेडलपाशी शोधूनही स्विच सापडत नाही. तो कुठे असतो?

मोटारीत पेडलच्या दांड्याला टेकलेला स्विच असतो, त्या सवयीने आपण तिथे शोधलेत. पण हवेच्या ब्रेकमध्ये बहुधा हवेचा दाबच स्विच चालवतो, त्यामुळे तो हवेच्या वाटेवर शोधावा लागतो. फूट व्हॉल्व्हपासून, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेककडे हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हपासून, सुरुवात करा. अनेक ट्रकांत हा व्हॉल्व्ह केबिनच्या पुढच्या पत्र्याबाहेर असतो, म्हणून बॉनेट उघडून किंवा केबिन कलती करून पाहावे लागते. त्यातून ब्रेककडे जाणाऱ्या दोन सर्किटच्या नळ्यांवर, त्यांच्या टी-जोडावर किंवा दोन्ही सर्किट एकत्र येतात त्या डबल चेक व्हॉल्व्हवर, अंगठ्याएवढा, दोन वायरींचा स्विच आट्यांनी बसवलेला दिसेल. हवेच्या टाकीवरचा कमी दाबाच्या इशाऱ्याचा स्विच मात्र वेगळा. तो दाब कमी असताना जोडलेला असतो आणि साधारण ६० पीएसआयच्या वर सुटतो. ब्रेक लाइटचा स्विच याच्या उलट, एरवी सुटलेला असतो आणि पेडल दाबताच जेमतेम ६ पीएसआयच्या आत जोडला जातो.

आता तपासणी. चाकांना ठोकळे लावा, चावी चालू करा, कनेक्टर काढा आणि एका टोकावर बॅटरीइतका विद्युतदाब, म्हणजे गाडीप्रमाणे १२ किंवा २४ व्होल्ट, येतो का ते मीटरने पाहा. येत नसेल तर फ्यूज व वायरिंग तपासा. येत असेल तर फ्यूज लावलेल्या लहान वायरीने दोन्ही टोके क्षणभर जोडा. दिवे लागले, तर पुढचे वायरिंग, रिले (दिव्यांचा प्रवाह जोडणारा विजेवर चालणारा स्विच) आणि बल्ब ठीक आहेत. तरीही स्विच लगेच बदलू नका. त्या नळीवर गेज लावून, पेडल दाबल्यावर हवा खरोखर पोहोचते का ते पाहा. कनेक्टरच्या रबरी टोपीखाली हिरवी भुकटी दिसली, तर दोष बहुधा तिथेच असतो. ज्या गाडीत स्विच थेट कंट्रोल युनिटला, म्हणजे गाडीच्या संगणकाला, जोडलेला असतो, तिथे अशी जोडणी करू नका आणि टेस्ट लॅम्पही लावू नका. मीटर व वायरिंग नकाशा वापरा.

प्रश्न : पेडल सोडल्यावरही ब्रेक लाइट लागलेलेच राहतात. नवा स्विच टाकूनही तेच.

नवा स्विच टाकण्यापूर्वी कनेक्टर काढून पाहायला हवे होते. तो काढल्यावर दिवे विझले नाहीत, तर वायर शॉर्ट आहे किंवा रिले अडकला आहे. विझले, तर नळीत हवा अडकून राहिली आहे का ते गेजवर बघा. पेडलच्या बिजागरीत किंवा फूट व्हॉल्व्ह दाबणाऱ्या प्लंजरभोवती साचलेली माती पेडलला शेवटचे दोन-तीन मिलिमीटर परत येऊ देत नाही, आणि एवढ्याशा दाबालाही स्विच जोडलेला राहतो. ट्रेलरचा हात-व्हॉल्व्ह पूर्ण सोडला आहे ना, हेही पाहा. अशा गाडीत ब्रेक थोडे लागलेले राहून ड्रम तापू शकतात, तेव्हा हा दोष केवळ दिव्यांचा मानू नका.

प्रश्न : क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) मधूनच सुटते आणि एसपीएन ५९७ हा बिघाडाचा कोड येतो. दिवे मात्र ठीक लागतात.

हा ब्रेक स्विचचाच कोड आहे. क्रूझसाठी अनेक गाड्यांत दुसरा, एरवी जोडलेला स्विच असतो, आणि दोघांचे म्हणणे जुळले नाही की कंट्रोल युनिट क्रूझ बंद करते. म्हणून तो दुसरा स्विच शोधा आणि इंजिन चालू ठेवून त्याची वायर हलवत मीटरकडे पाहा.

प्रश्न : स्विच काढण्यापूर्वी टाकी रिकामी करावी का?

पेडल सोडल्यावर ब्रेककडे जाणाऱ्या नळीत दाब नसतो, त्यामुळे तेथील स्विचसाठी टाकी रिकामी करावी लागत नाही. मात्र कोणी पेडलला पाय लावू नये. टाकीवरचा स्विच काढायचा असेल तर हवा पूर्ण सोडलीच पाहिजे. बसवताना पहिला आटा मोकळा ठेवून सील लावा, म्हणजे टेपचा तुकडा आत जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकणार नाही, आणि शेवटी जोडावर साबणाचे पाणी लावून, कोणाला तरी पेडल दाबायला सांगून, बुडबुडे येतात का ते पाहा.