‘चुकून गोळीबार’ की ‘हल्लेखोर समजून गोळीबार’?

कोथरूडच्या एका वाचक भगिनी इराक युद्धावरील लेखांचा अनुवाद करीत आहेत. लष्करी नाक्यांवर सामान्य नागरिक मारले गेल्याच्या प्रसंगांसाठी ‘चुकून झालेला गोळीबार’ असे लिहावे का, असे त्यांनी विचारले आहे. माझ्या मते तसे लिहू नये.

‘चुकून’ हा शब्द स्वतः दोषी नाही. ‘चुकून दुसऱ्याची छत्री आणली’ या वाक्यात छत्री जाणूनबुजूनच उचललेली असते. चूक कोणाची छत्री एवढ्यापुरती असते, आणि ‘दुसऱ्याची’ हा शब्द ती दाखवून देतो. ‘चुकून गोळीबार झाला’ या वाक्यात मात्र कोणी कोणावर गोळ्या झाडल्या हे दोन्ही गळून गेल्यामुळे चूक थेट गोळीबारालाच चिकटते, आणि बंदूक साफ करताना गोळी सुटली असावी असा अर्थ वाचकाच्या मनात उभा राहतो. ‘नजरचुकीने’ आणि ‘अनवधानाने’ हे शब्द तर अधिकच अयोग्य आहेत, कारण नाक्यावरच्या सैनिकाची नजर त्याच गाडीवर खिळलेली असते.

29 मार्च 2003 रोजी नजफजवळच्या नाक्यावर मोटारीतून झालेल्या आत्मघाती हल्ल्यात चार अमेरिकी सैनिक ठार झाले. दोनच दिवसांनी त्याच परिसरात, न थांबलेल्या एका गाडीवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. आत बायका आणि मुले होती, आणि अमेरिकी लष्कराच्याच सांगण्यानुसार त्यांतील सात जण मरण पावले. या गोळ्या सुटल्या नव्हत्या, झाडल्या होत्या. चूक झाली ती गाडीत कोण आहे हे ताडण्यात, आणि त्यामागे आदल्या हल्ल्याची धास्ती होती. आपल्या वाक्यात हे दोन्ही उतरले पाहिजे.

त्यासाठी मराठीत ‘समजून’ ही अगदी रुळलेली रचना आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले, तेव्हा ‘मुले पळवणारी टोळी समजून’ अशीच शब्दयोजना झाली. ‘चुकून मारहाण झाली’ असे म्हणणे कोणालाही खपले नसते. गणवेशातला माणूस मारणारा असला की आपली भाषा एकदम कर्मणी आणि मवाळ का व्हावी? म्हणून ‘हल्लेखोर समजून सैनिकांनी नागरिकांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या’ असे लिहावे. काय समजले हे निश्चित नसेल, तर ‘संशयावरून’ हा शब्द पुरेसा आहे. ‘चुकीच्या ओळखीतून’ हा इंग्रजी ‘mistaken identity’चा शब्दशः अनुवाद मला कृत्रिम वाटतो. त्यापेक्षा ‘ओळखण्यात गफलत होऊन’ बरे.

‘नाका’ या शब्दाविषयीही सावध राहावे. पुण्यात जकात गेली तरी नाक्यांची नावे तोंडात राहिली, कारण नाका म्हणजे सर्वांना ठाऊक असलेली कायमची जागा. 4 मार्च 2005 च्या रात्री बगदाद विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर इटलीचे गुप्तचर अधिकारी निकोला कालिपारी अमेरिकी सैनिकांच्या गोळ्यांनी मारले गेले, तेव्हा तेथे असा नाका नव्हता. अपहरणकर्त्यांच्या तावडीतून सुटलेल्या पत्रकार जुलियाना स्ग्रेना यांना घेऊन ते निघाले होते, आणि अमेरिकी राजदूतांच्या प्रवासासाठी सैनिकांनी रस्ता तात्पुरता अडवला होता. गाडीचा वेग किती होता, इशारा पुरेसा होता का, यावर दोन्ही देशांच्या अहवालांत एकमत झाले नाही. सैनिकांनी नियम पाळले असे अमेरिकेने म्हटले, तर इटलीने पुढे अडथळा असल्याची खूण नसल्यावर आणि सैनिकांच्या अननुभवावर बोट ठेवले. अशा ठिकाणी ‘नाका’ लिहिले, तर दिसत असूनही चालक थांबला नाही असा ठपका नकळत त्याच्यावर येतो. तेथे ‘तात्पुरती नाकाबंदी’ किंवा ‘सैनिकांनी रस्ता अडवला होता तेथे’ असे लिहावे, आणि नजफच्या प्रसंगासाठी ‘तपासणी नाका’ ठेवावा.