पारावर विचारतील, ‘काय ठरलं?’

चि. भाऊ,

अनेक आशीर्वाद.

भाजपच्या अधिवेशनाला जाणाऱ्या प्रतिनिधींच्या यादीत तुझं नाव लागल्याचं काल बाजारात कळलं. तुझ्या आईला वाटतंय, पोरगं आता मंत्र्यांच्या पंगतीला बसणार. तिला वाटू दे. तुला मात्र आधीच चार शब्द लिहितोय, कारण पहिल्या खेपेला मी जे केलं ते तू करू नये.

१९८० चा डिसेंबर. पक्ष एप्रिलात स्थापन झालेला, पुरतं वर्षही झालं नव्हतं. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनवर पहिलं राष्ट्रीय अधिवेशन होतं, त्या जागेला समतानगर नाव दिलं होतं. मी वीस वर्षांचा. धुळ्याहून पॅसेंजरनं चाळीसगाव, तिथून रात्रीची गाडी. बसायला जागा नाही म्हणून दाराशी वळकटी टाकली. पिशवीत कळण्याची भाकरी आणि ठेचा. अटलजींचं अध्यक्षीय भाषण ऐकलं. ‘अंधेरा छटेगा, सूरज निकलेगा, कमल खिलेगा’ हे शब्द आले आणि शेजारचा अनोळखी माणूस माझा हात धरून उभा राहिला. आजही ते आठवलं की काटा येतो.

पण मंडपात ठरावांवर चर्चा चालू झाली तेव्हा आम्ही तिघं पोरं हळूच सटकलो. समुद्र पाहायचा होता. तापीचा पूर सोडला तर एवढं पाणी पाहिलंच नव्हतं. नेमकी ओहोटी. चिखलात माझी एक चप्पल रुतली, ती काढता काढता दुपार गेली.

गावी आलो तर मास्तर पारावर बसलेले. जनसंघाच्या, म्हणजे भाजपच्या आधीच्या पक्षाच्या, काळापासूनचे कार्यकर्ते, मला पाठवण्यासाठी त्यांनीच वर्गणी काढलेली. म्हणाले, ‘काय ठरलं?’ मी कमळाचं वाक्य म्हणून दाखवलं. ‘ते पेपरात आलं. ठरलं काय?’ मी गप्प. मग त्यांनीच मला सांगितलं की पक्षानं गांधीवादी समाजवाद स्वीकारला, पक्षाच्याच नेत्या राजमाता विजयाराजे शिंदे यांचा त्याला विरोध होता, त्यांनी तो लेखी मांडला आणि पुढे मागे घेतला. एवढं सगळं माझ्या हाकेच्या अंतरावर चाललेलं, आणि ते मला गावात बसलेल्या माणसाकडून कळत होतं. मास्तर रागावले नाहीत. माझ्या पायांकडे बघून एवढंच म्हणाले, ‘चप्पल नवी दिसते.’

म्हणून सांगतो, ठरावाची प्रत मिळाली की आधी ती वाच. भाषणं मोबाईलवर नंतरही ऐकता येतात. ठराव कसा होतो हेही समजून घे. मसुदा आधीच चार माणसांनी बसून केलेला असतो. मंडपात एक जण मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, ठरलेले दोघे-तिघे बोलतात, आणि हात वर करून तो मंजूर. तिथं उभं राहून कुणी वाक्य बदलून घेतल्याचं मी क्वचितच पाहिलंय. आपली जागा त्याआधी असते. जिल्ह्याच्या बैठकीत, किंवा अधिवेशनात गट पाडून बसवतात तिथं. त्या गटात पंखा धड नसतो, माईक खरखरतो, निम्मे लोक चहाला गेलेले असतात. तू तिथंच बस.

आपल्या मातीला अधिवेशन नवं नाही. १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन आपल्या खानदेशातल्या फैजपूरला भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. नेहरू अध्यक्ष होते. पक्ष आपला नाही, पण शेतीचा कार्यक्रम त्यांनी तिथं ठरावात आणला, हे मी कुणासमोरही मान्य करतो.

आता जाताना काय न्यायचं ते. ठेचा ने, पाण्याची बाटली ने आणि एक प्रश्न ने. एकच.

हे मी फजिती होऊन शिकलो. एका अधिवेशनात शेतीच्या गटात मी कापसावर चांगला आठ मिनिटं तावातावानं बोललो. शेतकरी देशोधडीला लागला, पांढरं सोनं काळं पडलं, वगैरे. टाळ्याही पडल्या. मग समोरच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, ‘तुमच्या तालुक्यात खरेदी केंद्रं किती? तुमच्या गावाहून किती लांब? व्यापारी काय भाव देतोय?’ मला एकाचंही उत्तर येईना. खाली बसलो. त्या दिवसापासून खिशात डायरी आहे.

तुझ्या बूथवरचा प्रश्न तुला शोधायला लागणार नाही. परवा वरच्या आळीतल्या मावशी मला ओट्यावरून म्हणाल्या, ‘आप्पा, कापूसना भाव कोन ठरावस?’ मी ‘बघतो’ म्हणून पुढे आलो. तू तसं करू नको. डायरीत लिही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, कापूस घेते, पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की परत पाठवते, आणि पहिल्या वेचणीचा कापूस ओलाच असतो. हातखर्चाला पैसा हवा असतो, म्हणून तोच कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याला, जातो. त्यात २०२५ च्या ऑगस्टात केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली वेचणी चालू असतानाच बाहेरचा कापूस बिनशुल्क येत होता. दुसरी बाजूही लिही. त्याच ऑगस्टात अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं होतं, आणि कापड गिरण्यांना कच्चा माल स्वस्त हवा होता. दोन्ही बाजू माहीत असलेल्या माणसाला कुणी सहज खाली बसवू शकत नाही.

सरकार आपलंच, मग असा प्रश्न विचारला तर नाव खराब होईल, असं तुला कुणीतरी बसमध्येच सांगेल. त्याचं ऐकून घे आणि खिडकीबाहेर बघ. आरोप करू नको, घोषणा देऊ नको. उभा राहा, नाव सांग, गाव सांग, आकडे सांग, विचार: ‘वेचणीच्या दिवसांत शुल्क काढायचं असेल तर त्याच आठवड्यात खरेदी केंद्र चालू होईल का?’ एका मिनिटात बस. हेच चिठ्ठीवर लिहून व्यासपीठावर दे. उत्तर मिळेलच असं नाही. मला तीनदा मिळालं नाही, एकदा मिळालं.

माझा भाचा अमेरिकेत आहे. तो सांगतो, तिकडे उजव्या विचारांच्या लोकांचा ‘सीपॅक’ नावाचा मोठा मेळावा १९७४ पासून भरतो, पहिल्याला रेगन बोलले होते. तिथं तिकीट काढून कुणीही जातं आणि आपल्या आवडीच्या नेत्याला चाचणी मतदानात मत देऊन येतं. बरं आहे. पण तुझ्या गळ्यातल्या बिल्ल्यावर ‘प्रतिनिधी’ लिहिलेलं असेल, आणि ते तिकिटावर मिळत नाही.

बाकी बारीकसारीक. निवास व्यवस्थेत गादी मिळाली नाही तर कुरकुर करू नको. उमेदवारीच्या इच्छुकांच्या गाड्यांत बसून जाऊ नको, परतेपर्यंत तुझ्या नावाला कुणाचा तरी गट चिकटलेला असेल. फोटो काढ, एक पुरे. जेवताना आपल्या जिल्ह्याच्या घोळक्यात बसू नको, लांबच्या माणसाजवळ ताट घेऊन जा. रत्नागिरीचा कुणी भेटला तर त्याला सांग, १९५७ साली अख्ख्या देशात जनसंघाचे चार खासदार निवडून आले. बलरामपूरहून अटलजी, आणि आपल्या मुंबई राज्यातून दोन: धुळ्याचे उत्तमराव पाटील आणि रत्नागिरीचे प्रेमजीभाई आसर. तेवढ्यावर तो तुला आमरस वाढेल. मग त्याच्या आंब्याचं काय चाललंय ते विचार. पीकविमा त्यालाही छळत असेल, आपल्या केळीवाल्यांना छळतो तसा.

गेल्या काही अधिवेशनांना मी गेलो नाही. शिर्डीला २०२५ च्या जानेवारीत झालं तेही हुकलं, गुडघे ऐकत नाहीत. तू आलास की कितीही रात्र झाली तरी आधी माझ्या ओट्यावर ये. ठरावाची प्रत आण. अक्षर बारीक असतं, तूच वाचून दाखव. मावशींनाही बोलावून ठेवतो.

आणि तिथं समुद्र असला, तर चपला हातात घे.

तुझा
आप्पा