सेन्सर बदलायच्या आधी ओला स्वॅब फिरवून बघा

भाऊ, नाथसागरावरच्या फ्लेमिंगोंच्या सगळ्या फोटोंत आभाळात त्याच जागी काळपट ठिपके, ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारूनही जात नाहीत, आणि सर्व्हिसवाला म्हणतोय 'सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यात फोटो टिपणाऱ्या भागावर, ओरखडा आहे, तो बदला'. तुमचं हे वाचलं आणि लिहायला बसलो. माझ्यासोबत नेमकं हेच झालंय.

मी कॅमेरा मोठ्या शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला कुरिअरने पाठवला होता. फोन करावा तर दर वेळी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सांगा. शेवटी खर्चाचा आकडा आला, कॅमेऱ्याच्या जवळपास निम्म्या किमतीचा. ओरखड्याचा फोटो मागितला, तो दिला नाही. तपासणीचे पैसे मात्र कापून घेतले. पुढं संभाजीनगरला लग्नाची कामं करणाऱ्या एका मित्रानं माझ्यासमोर ओला स्वॅब (सेन्सर पुसायची चपटी काडी) फिरवला आणि तो 'ओरखडा' निघून गेला. गिऱ्हाईकाला घाबरवून पैसे काढायचे, याची मला आजही चीड येते.

आपण ज्याला सेन्सर म्हणतो, त्याच्यावर फिल्टरची काच असते. धूळ बसते ती त्या काचेवर. आपल्याकडचा काळ्या मातीचा फुफाटा ब्लोअरनं बराचसा उडतो. परागकण किंवा शटरचं तेल चिकटलं तर ओलं पुसल्याशिवाय निघत नाही. म्हणून एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, मोकळ्या आभाळाचा, फोकस घालवून फोटो काढा, पुसा, पुन्हा काढा. डाग सरकला, फिकटला, तर ओरखडा नाही. फोटोत वर दिसणारा डाग सेन्सरवर खाली असतो, हे ध्यानात ठेवा.

स्वॅब सेन्सरच्याच मापाचा घ्या: फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला) २४ मिमी, एपीएस-सीला (त्याहून लहान सेन्सरच्या) १६. सेन्सरसाठीचंच द्रावण, एक-दोन थेंब, जास्त नाही. एका कडेकडून दुसरीकडं एकदाच, मग स्वॅब उलटवून परत. वापरलेला फेकून द्या. डब्यातली दाबाची हवा अजिबात नको, तिच्यातला द्रव काचेवर उडतो. तोंडानं फुंकणंही नको. बॅटरी पूर्ण चार्ज, कूलर-पंखा बंद. हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून आतमध्ये सेन्सर हलणारा कॅमेरा असेल तर आधी कंपनीची पुस्तिका वाचा. मी काही मेकॅनिक नाही, वॉरंटी चालू असेल तर तुमचं तुम्ही ठरवा.

आणि धरणाच्या काठावर वारा सुटलेला असताना लेन्स बदलूच नका. बदलायचीच वेळ आली तर गाडीत बसून, काचा लावून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदला.