आरव्हीसाठी (राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीसाठी) कोळशाची ग्रिल घेताय?

दोघा-तिघांना १४ इंची गोल ग्रिल पुरते. वेबर कंपनीची ‘स्मोकी जो’ ही ग्रिल याच मापाची. मक्याची कणसं, पनीर, चिकन एकदमच लावायचं असेल तर १८ इंची बघा. झाकण घट्ट अडकणारं हवं, नाहीतर घाटात राख गाडीभर. हवेच्या झडपा वर-खाली दोन्हीकडे असल्या की आच हाताशी राहते. घडीच्या, पातळ पत्र्याच्या ग्रिली मला तरी पटत नाहीत.

खरी कटकट जेवणानंतर. झडपा बंद केल्या तरी निखारे तासन्‌तास धुमसतात आणि त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. म्हणून विझलेली वाटली तरी त्या रात्री ग्रिल गाडीत घेऊ नका. राख पूर्ण गार झाल्यावरच झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा.

कॅलिफोर्निया, कोलोरॅडोत उन्हाळी आगबंदी लागली की कोळसा बऱ्याचदा चालत नाही, गॅसची शेगडी चालते. निघण्याआधी कॅम्पग्राउंडला विचारा.