एनएमएमएस : आणखी पेपर सोडवून घेण्याआधी जुना पेपर उघडा

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत आठवीला ३२ मुलं आहेत. घटक चाचणीत बहुतेकांना सत्तरच्या पुढे गुण पडतात, पण एनएमएमएसच्या (आठवीतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल मुलांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेच्या) सराव पेपरात निम्मी मुलं चाळीस टक्केही गाठत नाहीत. आठवड्याला दोन पेपर घेतो, तरी गुण हलत नाहीत. काय करावं?

उत्तर : आठवड्याला दोन नको, पंधरवड्याला एकच पेपर घ्या आणि उरलेले तास त्याच पेपरावर घालवा. बेरजेच्या गुणांवरून मूल कुठे अडलं ते कळतच नाही. परीक्षेत दोन पेपर असतात, बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी. प्रत्येक पेपरात ९० प्रश्न, चार पर्याय, चुकीला गुणकपात नाही. म्हणजे डोळे मिटून उत्तरपत्रिकेवरचे पर्यायांचे गोल रंगवले तरी सरासरी २२-२३ गुण पडतात. सर्वसाधारण गटाला उत्तीर्ण व्हायला दोन्ही पेपर मिळून ४० टक्के, म्हणजे १८० पैकी ७२ गुण लागतात, पेपरामागे सरासरी ३६ (अनुसूचित जाती-जमातींसाठी ३२ टक्के, म्हणजे दोन्ही मिळून ५८). त्यामुळे २५ गुणांच्या मुलाला ‘थोडक्यात हुकला’ म्हणू नका, तो अजून अंदाजावर चालला आहे. ३३ गुणांच्या मुलाचं दुखणं वेगळं, त्याचा उपायही वेगळा.

आता एक तक्ता करा. डावीकडे प्रश्न क्रमांक, पुढे पाच रकाने : १, २, ३, ४ आणि ‘कोरा’. ३२ उत्तरपत्रिका समोर घेऊन कोणत्या पर्यायाला किती मुलं गेली ते मांडा. बरोबर पर्यायाला लाल गोल करा. कागदपेनावर दोन-अडीच तास जातात, पण ते वसूल होतात.

एक उदाहरण घ्या. ‘०° रेखावृत्तावर दुपारचे १२ वाजले असता ६०° पूर्व रेखावृत्तावर स्थानिक वेळ काय?’ उत्तर दुपारी ४. समजा १९ मुलांनी ‘सकाळी ८’ निवडलं. या मुलांना एका अंशाला चार मिनिटं हे माहीत आहे, ६० गुणिले ४ म्हणजे २४० मिनिटं, चार तास, हेही त्यांनी बरोबर काढलं. चुकली ती फक्त बेरीज की वजाबाकी. त्यांच्याकडून सूत्र पुन्हा पाठ करून घेण्यात तास वाया जाईल. वर्गात अंधार करा, पृथ्वीगोलावर बॅटरी धरा, गोल पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवा. पूर्वेकडचं गाव आधी उजेडात येतं हे दिसलं की काम झालं. याउलट चारही पर्यायांना सात-आठ मुलं अशी विखुरलेली असतील, तर तो धडा मुलांपर्यंत पोचलेलाच नाही. तिथे पहिल्यापासून शिकवावं लागेल.

सत्तराव्या प्रश्नानंतर ‘कोरा’चा रकाना भरलेला दिसला, तर ती वेळेची अडचण आहे.

आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. एखाद्या चांगल्या मुलाचे ३१ ते ४५ सलग चुकलेले दिसले, तर त्याची उत्तरं एक घर सरकवून तपासा. तिसावा प्रश्न सोडला आणि एकतिसाव्याचं उत्तर तिसाच्या ओळीत रंगवलं, की पुढचं सगळं घसरतं. पेनाने रंगवलेला गोल खोडता येत नाही. दर पाच प्रश्नांनी प्रश्नपत्रिकेचा आणि उत्तरपत्रिकेचा क्रमांक बोटाने जुळवायची सवय लावा.

प्रश्न : माझी मुलगी ९० मिनिटांत ६५ प्रश्नांपर्यंतच पोचते. वेग कसा वाढवावा?

उत्तर : ‘एका प्रश्नाला एक मिनिट’ हा हिशेब सोडून द्या. शालेय क्षमता चाचणीत विज्ञानाचे ३५, समाजशास्त्राचे ३५ आणि गणिताचे २० प्रश्न असतात. इतिहास-नागरिकशास्त्राचं उत्तर एक तर येतं किंवा येत नाही, तिथे मिनिटभर थांबून काही मिळत नाही. समाजशास्त्राला प्रश्नामागे अर्धं मिनिट, विज्ञानाला पाऊण आणि गणिताला दोन मिनिटं धरा. एकूण ८४ मिनिटं होतात, सहा उरतात. अडलेल्या प्रश्नापुढे फुली करून पुढे जायचं. गोल मात्र लगेच रंगवायचे, शेवटी एकदम रंगवायला ठेवले की ते राहून जातात. शेवटच्या दोन मिनिटांत फुलीचा एकही प्रश्न कोरा सोडू नये.

बौद्धिक क्षमता चाचणीत आकडेमोड कमी करणाऱ्या युक्त्या कारणासह शिकवा. घड्याळ आरशात ३:४० दाखवतं, तर खरी वेळ? आरशात डावी-उजवी बाजू उलटते, म्हणून आरशातली वेळ १२:०० मधून वजा करायची. तसं करताना मुलं रुपये-पैशांसारखा शंभराचा हातचा घेतात आणि ८:६० काढून गोंधळतात. १२:०० ऐवजी ११:६० लिहायला सांगा : ११:६० उणे ३:४०, उत्तर ८:२०. रांगेत दोन्ही टोकांकडून सतरावा असेल तर एकूण ३३, ३४ नव्हे, कारण तो स्वतः दोनदा मोजला जातो.

प्रश्न : मुलगा परीक्षेत उत्तीर्ण आहे, तरी निवड यादीत नाव नाही. असं का?

उत्तर : उत्तीर्ण होणं वेगळं आणि निवड वेगळी. शिष्यवृत्त्यांची संख्या ठरलेली असते. जिल्हा आणि प्रवर्गनिहाय कोट्यातून गुणानुक्रमे निवड होते, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यात कमी गुणांवरही नाव लागू शकतं. निवड झालेल्यांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी, कुणबी-मराठा प्रवर्गातला मुलगा उत्तीर्ण असून निवडला गेला नसेल, तर सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपये. तिचा अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून निकाल लागताच मुख्याध्यापकांना भेटा. गुणपत्रक, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं मुलाच्या नावाचं बँक खाते आधीच तयार ठेवा. खाते आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर रक्कमही अडकते.